ऑडिओग्राम नॉर्मल, पण एकाच कानात आवाज: एमआरआय करायचा की थांबायचं?

कुडाळची सून: माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या फक्त उजव्या कानात सतत सूं आवाज यायचा. ऑडिओग्राम (बीप ऐकवून किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजणारी टेस्ट) केला तर दोन्ही कानांच्या रेषा २५ डेसिबलच्या आत, म्हणजे ऐकू अगदी व्यवस्थित, मग डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि विषय संपला. पण त्या सांगत होत्या ना, फोन उजव्या कानाला लावला की आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, आणि रात्री लाईट गेली की पडवीतून खळ्यात उतरताना भिंत धरावी लागते! शेवटी गोव्याला जाऊन एमआरआय केला, तर ॲकॉस्टिक न्यूरोमा, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची गाठ. तक्रार एकाच कानाची असेल तर ऑडिओग्राम कसाही येवो, एमआरआय झालाच पाहिजे.

चिपळूणकर: नाही पटलं. वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा आजार, त्यासाठी कान वाजणाऱ्या प्रत्येकाला मशीनमध्ये घालणार का? आपल्याकडे खेड्यातल्या माणसाचा अख्खा दिवस जातो, गाडीभाडं वेगळं, सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळी. आधी बेरा करा (आवाज ऐकवून कानाच्या नसेचे सिग्नल डोक्याला तारा लावून मोजतात ती टेस्ट), स्वस्तात होतो.

कानाची_ताई, रत्नागिरी: मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज बेरा करते म्हणून सांगते, मोठी गाठ त्यात बहुतेक वेळा कळते पण १ सेंटीमीटरच्या आतली सुटू शकते. साध्या सीटीतही छोटी गाठ दिसेलच असं नाही. गॅडोलिनियम (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला तर काही मिलिमीटरची पण दिसते. आणि ही गाठ मुळात तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून वाढते, त्यामुळे ऐकणं शाबूत असणारे पेशंट थोडे असले तरी असतातच.

चिपळूणकर: बरं ताई, सापडली छोटी गाठ, पुढे काय? कॅन्सर नाही, कित्येक गाठी वर्षानुवर्षं वाढतही नाहीत, डॉक्टरच म्हणतात थांबा, काही महिन्यांनी परत स्कॅन करू. तोवर घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर.

कुडाळची सून: अहो पण वाढतेय की नाही हे पहिला स्कॅनच नसेल तर कशावरून कळणार? गाठ छोटी आणि ऐकू चांगलं असतानाच ऐकणं वाचायचा चान्स जास्त, मग ऑपरेशन करा नाहीतर गॅमा नाइफ, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडायचे. मोठी झाली की मेंदूच्या देठावर दाब येतो, तेव्हा निवडीला काही उरत नाही.

चिपळूणकर: एकाच कानाची तक्रार आणि वर तोल जातोय किंवा चेहरा बधिर होतोय, तर थेट एमआरआय, एवढं मान्य. नुसत्या आवाजासाठी मात्र अजूनही नाही म्हणेन.

कानाची_ताई, रत्नागिरी: मग निदान नुसत्या बीप ऐकवून सोडू नका, प्रत्येक कानाची शब्द ओळखायची टेस्ट वेगळी करून घ्या. जाऊबाईंचं फोनवरचं तिथेच कळलं असतं.