कॅम्प शैलीचा पोशाख: खणाची फुगाबाही उभी राहत नाही

सुईदोरा, शहापूर
कॉलेजच्या फॅशन शोला यंदा ‘कॅम्प’ विषय आहे (आपला कॅन्टोन्मेंटचा कॅम्प नव्हे, मुद्दाम अतिरेकी, कृत्रिम थाट मिरवणारी ती शैली). गुळेदगुड्डच्या खणाचा झगा, इरकल साडीचा टोप पदर मागे लांब सोडलेला आणि प्रचंड फुगाबाही, असं ठरलंय. पण बाही खांद्यावरून कोसळते, मुंढा (बाही जोडतात तो भाग) ओढला जातो. शिवाय परीक्षक याला नुसतं भडक म्हणतील का?

कातरी, बेळगाव
ताई, खणाला चुण्या घातल्या की वजन वाढतं, ताठपणा नाही. फुगा आतल्या नेटने धरायचा. कॅनकॅन म्हणजे कडक नेटची १२ इंच रुंद, ६० इंच लांब पट्टी उभी दुमडून ६ इंचांची करा, चुण्या घालून १० इंचांवर आणा. उघड्या कडा सुती टेपमध्ये बांधून मुंढ्याच्या वरच्या अर्ध्या भागात आतून शिवा. दुमडलेली बाजू बाहीकडे, नाहीतर दंडाला टोचते. खाली ४ इंचांची आणखी एक झालर.

बाही आडवी कापा. काठ मनगटाला येतो आणि खणाचा अरुंद पन्हा घेराच्या आड येत नाही. एका बाहीला ४५ इंच घेर धरला तर दोन्हींना अडीच मीटर पुरतं.

मुंढ्याला आतून बकरम (ताठ अस्तर) लावा. पदराचं वजन मात्र खांद्यावर मुळीच देऊ नका, गळा मागे सरकतो. आतून कमरेला हुकाचा पट्टा करून पदर त्यालाच अडकवा. आणि हातमागाची इरकल असेल तर जपून! साडीच्या अंगाचा आणि पदराचा ताणा (उभे धागे) फासे अडकवून जोडलेला असतो, जोडाशी कातरी लावली की उसवलंच. वीतभर अंग ठेवून, आधी शिलाईच्या दोन ओळी मारून मगच कापा.

रंगपट, निपाणी
भडकपणाबद्दल. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९६४च्या निबंधात कॅम्पचं मर्म कृत्रिमतेच्या आणि अतिशयोक्तीच्या प्रेमात पाहिलं. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने यावर प्रदर्शन भरवलं, त्या वेळच्या समारंभात गायिका केटी पेरी चक्क पेटतं झुंबर होऊन आली. एकच कल्पना, शेवटपर्यंत ताणलेली. तुमची कल्पना बाही आहे. ती कानाच्या वर जाऊ द्या. तिच्या जोडीला पिसं, टिकल्या, आरसे आले की नजर कुठेच ठरत नाही, आणि भडक म्हणतात ते त्यालाच.

सुईदोरा, शहापूर
बाही आडवी कापायचं सुचलंच नव्हतं. सोबत बालगंधर्वांच्या शालूचा संदर्भ घेतला तर?

रंगपट, निपाणी
नको. बायका त्यांच्या नेसण्याचं अनुकरण करत, इतकं ते लोकांना खरं सौंदर्य वाटे. त्याला कॅम्प म्हणणं मला पटत नाही.

कातरी, बेळगाव
पायऱ्या असतील तर पदर जमिनीवर दीड मीटरच्या वर नको. मागच्या मुलीचा पाय हमखास पडतो. रंगीत तालीम पदरासकटच करा.