टेबल-सॉ नसताना लँगस्ट्रॉथ मधपेटी: मापं आणि खाच

रानवारा:
दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी (माशा पोळं बांधतात त्या सुट्या चौकटी आत टांगलेली मधपेटी) घरीच करायची आहे. हाताशी करवत, गुण्या, पटाशी, रंधा आणि ड्रिल एवढंच. फळ्या मिळाल्यात २२ मिमीच्या, आराखडे मात्र सगळे १९ मिमीचे. मापं कशी बदलू? आणि चौकट टेकवायची खाच हाताने काढण्याऐवजी आखूड फळी १६ मिमी बुटकी ठेवून बाहेरून पट्टी मारली तर चालेल का?

सुतारपक्षी:
आराखड्यातली बाहेरची मापं सोडून द्या. पेटीचं माप आतून ठरतं: ४६७ × ३७५ मिमी, फळीची जाडी काहीही असो. तुमच्या फळीत लांब बाजू ४६७ + ४४ = ५११ मिमीच्या दोन. आखूड बाजू ३७५ च्या दोन, त्या लांब बाजूंच्या मध्ये बसतील. बोटसांध्यांची (बोटांसारखे एकमेकांत अडकणारे सांधे) गरज नाही. आखूड फळीचं टोक लांब फळीला आतून सपाट टेकवून वॉटरप्रूफ गोंद आणि प्रत्येक कोपऱ्यात ५० मिमीचे चार-पाच स्क्रू पुरतात. आधी भोक पाडूनच स्क्रू घाला, नाहीतर फळी टोकाला चिरते.

पट्टीची युक्ती चालणार नाही. चौकटीची वरची पट्टी ४८२ मिमी, थोडी ढील धरून ४८७. ती फळीच्या पूर्ण जाडीवर टेकणार, म्हणून त्यातून तुमच्या दोन जाड्या गेल्या की आत ४४३ उरतात, आणि चौकटीचं पट्टीखालचं अंग ४४८ चं. आत उतरणारच नाही. १९ च्या फळीतही ४४९ उरतील, म्हणजे चौकट भिंतीला घासणार. माशी दोन ते तीन सूत (६ ते ९.५ मिमी) फटच मोकळी सोडते. त्याहून कमी असेल तर प्रोपोलिसने (माशा गोळा करतात तो झाडांचा चिकट डिंक) चिकटवून टाकते, जास्त असेल तर मध्येच पोळं बांधते.

खाच फळीच्या जाडीत १० मिमी रुंद, वरच्या कडेपासून खाली १६ मिमी खोल. ती फक्त आखूड फळ्यांना, आणि जोडणीच्या आधी. आतल्या बाजूला वरच्या कडेपासून १६ मिमीवर सरळ पट्टी शिकंज्याने आवळा, तिच्या आधाराने १० मिमी खोल करवत चालवा. मग वरच्या कडेकडून पटाशीने पातळ पातळ ढलप्या काढत खाली या. एका घावात मोठा तुकडा उडवायला गेलात तर चीर रेषा सोडून आत शिरते. खाचेची दोन्ही टोकं लांब फळ्यांच्या आड जातात, त्यामुळे फट दिसत नाही.

राणीमाशी:
वरचं सगळं बरोबर, पण चौकटी आधी आणा आणि फळ्या नंतर कापा. चौकटी घरी करत बसू नका, दहा चौकटींचे चाळीस तुकडे होतात आणि मिलीमीटरचा फरक महागात पडतो. पेटीची उंची = चौकटीची उंची + ८. चौकट २३२ ची असेल तर २४०. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर दोन-तीन मिमी जास्त ठेवा, रुंदीत ते आटतं.

गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना शिकंजा लावून दाबा. हे सपाट जमिनीवरच करा. पेटी पिळली तर वरची पेटी डुगडुगते.

रंग किंवा जवसाचं तेल फक्त बाहेरून. लांब फळ्यांची उघडी टोकं पाणी शोषतात, तिथे एक हात जास्त. वाळवीविरोधी औषध लावलेलं लाकूड अजिबात नको.

रानवारा:
कळलं, पट्टी रद्द. फळीची कोणती बाजू बाहेर ठेवायची?

सुतारपक्षी:
गाभ्याकडची. फळीच्या टोकाला वर्तुळांच्या कमानी दिसतील, त्यांचं केंद्र ज्या बाजूला ती गाभ्याकडची. वाळताना फळी सालीच्या बाजूला वाकते. ती बाजू आत असली तर कडा आत दाबल्या जाऊन सांधा घट्ट राहतो, उलट बसवली तर कोपरे वरखाली उघडतात. आणि ती पट्टी अगदीच रद्द करू नका: खाचेच्या मागे १२ मिमीच उरतात, तिथे बाहेरून आडवी मारा, मूठ म्हणूनही होईल.