उत्तर: नववीतल्या भाचीसाठी कादंबरी

नववीतल्या भाचीला काय द्यावं म्हणताय, तर आधी मिलिंद बोकीलांची 'शाळा' (2004). आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग आणि वर्गातली शिरोडकर दिसली की तंतरणारा मुकुंद जोशी. माझ्या पुतण्याने आधी सिनेमा पाहिला होता, म्हणून पुस्तकाला नाकं मुरडत होता. मग एका रात्रीत दीडशे पानं! सकाळी विचारतो कसा, "काका, आणीबाणी म्हणजे नक्की काय?"

प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या पुस्तकांची शिफारस इथे आधी कुणीतरी केलीच आहे. गोड आहे, पण त्या कथा. तुम्हाला कादंबरी हवीये.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मात्र सतरा-अठराला द्या. भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. आधी स्वतः वाचा, मग ठरवा.