दगडी पाला जखमेवर लावावा का? डॉक्टरने झापलं राव

मखमलाबादकर: परवा द्राक्षबागेत छाटणी चालू होती, कात्री बसली बोटावर, रक्त काही थांबेना. छाटणीवाल्या मावशींनी बांधावरचा दगडी पाला उपटला (एकदांडी म्हणतात ती, लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं), तळहातावर चोळून रस पिळला, दोन मिनिटात रक्त बंद. टाके घालायला गेलो तर डॉक्टरने ते हिरवं बघून असं झापलं की बस. हजारो वर्षांचं ज्ञान येडं आणि हे शहाणे का?

गंगापूररोडी: हजारो वर्षं कुठून आणली भाऊ? हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं, आपल्याकडे फार मागाहून आलं. चरक-सुश्रुतांनी ते बघितलेलंच नाही.

निफाडी ठेचा: मिरची पण तिकडचीच, मग ठेचा आपला नाही का 😄 आज्या-पणज्यांनी लावून बघितलंय. उंदरांवर प्रयोग पण झालेत, जखम लवकर भरते म्हणून.

सिस्टरताई: नर्स आहे म्हणून बोलते. उंदरांना दिला तो लॅबमधला अर्क, तुमचा मातीतनं उपटलेला न धुतलेला पाला. धनुर्वाताचे जंतू मातीत नि शेणखतातच असतात आणि खोल चिरेत हवा पोचत नाही तिथे त्यांचं फावतं. रक्त तर स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं गच्च दाबून धरलं असतं तरी थांबलं असतं.

निफाडी ठेचा: ताई शेतात स्वच्छ फडकं कुठून आणायचं, डोक्याचा रुमाल घामानं भिजलेला असतो

सिस्टरताई: फर्स्ट एडची पेटी ठेवा ना. औषधाच्या फवारणीला हजारो घालता.

दिंडोरीचा बागायतदार: एक कोणीच बोललं नाही. छाटणीमागं लगेच पेस्टिंग असतं, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात, विषारी रसायन. त्या हातानं पाला चोळला तर? आणि बांधावर तणनाशक मारलेलं असतं ते वेगळंच. आज्जीच्या वेळी पाला हाच होता, बांध हा नव्हता. मी स्वतः लहानपणी गुडघ्याला शंभरदा लावलाय, पण आता माझ्या बांधावरचा नाही लावणार.

मखमलाबादकर: हे मात्र डोक्यात नव्हतं आलं, शेजारच्या प्लॉटला पेस्टिंग चालूच होतं. पण रक्त थांबलं ते थांबलं, ते मी सोडणार नाही.

सिस्टरताई: बरं. इंजेक्शन घेतलं का धनुर्वाताचं?

मखमलाबादकर: हो, टाक्यांबरोबर दिलं. आई मात्र कुंडीत एकदांडी लावायला निघालीय, म्हणे घरची असली की झालं.