फिनटेकमधली नोकरी, किनाऱ्यावरून: बरं काय, वैताग काय?

पेमेंट, कर्ज, विमा, कुठलीही कंपनी चालेल. पगाराचे आकडे नकोत, कामातलं नेमकं लिहा.

फील्ड, मालवण-वेंगुर्ला
क्यूआर लावणं सोपं, डोकं खातो तो साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबा. त्यात स्वतःचं सिम असतं. जांभ्याची जाड भिंत आणि मागे डोंगर असला की पैसे खात्यात जमा होतात, बॉक्स मात्र गप्प. मग ‘पैशे इले काय?’ सुरू. बॉक्स गल्ल्याखाली नको, रस्त्याकडच्या बाजूला ठेवा. बसवल्यावर तिथेच १ रुपया पाठवून बघा. आवाज आला नाही तर दुसऱ्या नेटवर्कचा बॉक्स मागवा. मासळीवाल्यांकडे चार्जिंगच्या पिनेला खाऱ्या पाण्याने हिरवा गंज चढतो. कोरड्या ब्रशने साफ करायचा, ओल असताना चार्जर लावायचा नाही.

दुकानदार-कर्ज, तारकर्ली पट्टा
खरं दुखणं इथे आहे. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर (व्यवहारामागचं शुल्क) घेता येत नाही. म्हणजे कमाई बॉक्सच्या भाड्यावर नि कर्जावर, आणि टार्गेटही त्याचंच. हप्ता रोजच्या क्यूआर जमेतून कापला जातो. ऑक्टोबर ते मे छान चालतं. पावसाळ्यात वॉटरस्पोर्ट्स बंद, खानावळी बंद, जमा शून्य, हप्ते थकले. फेब्रुवारीत बारा महिन्यांचं कर्ज दिलं की जूनमध्ये फोन करत बसा. मुदत मेअखेर संपेल एवढंच द्यावं. कर्ज फिटेल का हे जोखणाऱ्या शहरातल्या रिस्क मॉडेलला आपला पाऊस कळत नाही!

रिकन्सिलिएशन (नोंदी जुळवणं), रत्नागिरी
‘पैसे कापले, दुकानदाराला मिळाले नाहीत’ या तक्रारीत स्क्रीनशॉट नको, १२ आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) मागा. त्यावरूनच बँक, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आणि आपली नोंद जुळते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असा दुकानातला व्यवहार फार तर ५ दिवसांत उलटायला हवा, व्यक्ती-व्यक्तीमधला एका दिवसात. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे ग्राहकाला माहीत नसतं. व्यवहार ‘पेंडिंग’ असताना दुकानदार परत पैसे मागतो, मग कधी दोन्ही जमा होतात.

डेव्हलपर, चिपळूण
कामात मजा आहे, कारण इथे टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) म्हणजे व्यवहाराचं अपयश नव्हे. आधी स्थिती विचारायची. पुन्हा पाठवायचंच तर तोच व्यवहार क्रमांक वापरायचा. नवा क्रमांक काढला की दुहेरी कपात. घरून काम करायचं तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट हवंच. सणांच्या गर्दीत बहुतेक ठिकाणी नवे रिलीज (ॲपमधले बदल) थांबवतात, पण ऑन-कॉल, म्हणजे बिघाडासाठी तयार राहायची पाळी, सुटत नाही. गणपतीतली पाळी जूनमध्येच अदलाबदल करून घ्या. नंतर कोकणातला कोणीही हो म्हणणार नाही.