शिक्षकांनीच मिळून स्वतःच्या प्रशिक्षणाचं साहित्य ऑनलाइन उभं करावं का?

द्विशिक्षकी:
केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बसून आपण एकमेकांना नक्की काय देतो? पीपीटी, आणि भरून द्यायची पुढची एक्सेल शीट. माझं म्हणणं, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वतःचं खुलं संकलन सुरू करावं. आदर्श पाठांचे व्हिडिओ नकोत. मुलं कुठे अडली आणि तुम्ही काय केलंत, एवढंच लिहायचं. ५२ – २७ दिलं की तिसरीतली बरीच मुलं ३५ लिहितात, कारण ‘मोठ्यातून लहान काढायचं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दशकाचा गठ्ठा कधी सोडायला लावायचा, काड्या कधी बाजूला ठेवायच्या, हे नव्या गुरुजींना कुठलं प्रशिक्षण सांगतं?

खडूफळा:
सर, सरकारचं दीक्षा पोर्टल २०१७ पासून आहे. २०१९ ला निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण आलं, कोविडमध्ये तेही ऑनलाइन झालं. पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. आणखी एक लिंक कशाला? मतदार यादीचे बीएलओ आम्हीच, पोषण आहाराच्या नोंदी आम्हीच, यूडायसवर शाळेची माहिती भरणारे आम्हीच. आता लेखकही व्हायचं?

द्विशिक्षकी:
तिथे सगळं वरून खाली येतं. व्हिडिओ चालू ठेवून माणसं भाजी निवडतात, प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर येतात, प्रमाणपत्र निघतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. ते तास असेच भरायचे का?

पाचवी_ब:
मी खडूफळा सरांच्या बाजूने, पण कामाच्या रडगाण्यासाठी नाही (सॉरी सर!). तपासणार कोण? आमच्या ग्रुपवर रफाराची वर्कशीट आली होती. त्यात ‘सूर्य’च्या शेजारी ‘प्रकाश’ आणि ‘चक्र’, ज्यांत रफारच नाही! खाली अंगठ्यांची रांग. तीच वर्कशीट उद्या ‘संकलना’त गेली की तिला वजन येणार.

सीमेवरचा:
बेळगावहून लिहितोय. आमच्या कर्नाटकात हे झालंय. २०१३ च्या सुमारास सरकारी शाळांतल्या विषयशिक्षकांच्या गटांतून केओईआर, म्हणजे कर्नाटकचं मुक्त शैक्षणिक साहित्य, उभं राहिलं. विकीच्या धर्तीवर, इंग्रजीसोबत कन्नडमध्येही. पण शिक्षण खातं आणि एक स्वयंसेवी संस्था पाठीशी होती, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. नुसत्या हौसेवर झालेलं नाही. मॅडम, तुमच्या रफाराबद्दल म्हणाल तर विकीवर कोणी काय बदललं ते दिसतं, चूक तिथल्या तिथे सुधारता येते. व्हॉट्सॲपवर ती नुसती फिरत राहते.

पाचवी_ब:
मग सुधारायला कामाच्या वेळातला वेळ द्या. परिषदेतला एक तास फक्त याला. नाहीतर दोन उत्साही शिक्षक रात्री जागतील, आणि त्यांची बदली झाली की पासवर्डही जिल्ह्याबाहेर!

खडूफळा:
आणि शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेत तेच साहित्य तिसऱ्याच्याच नावावर.

द्विशिक्षकी:
मुक्त परवाना, म्हणजे कुणीही वापरायची परवानगी, लावला तरी मूळ लेखकाचं नाव द्यावंच लागतं, अशी अट घालता येते. तरी ढापणारे ढापतील, ते आजही ढापतात. मॅडमचा तासाचा मुद्दा मात्र मान्य, केंद्रप्रमुखांशी बोलतो. सुरुवात तिसरीच्या वजाबाकीपासूनच करू. पुढच्या परिषदेला चुकलेल्या वह्या आणा, फोटो काढताना मुलांची नावं झाका.

खडूफळा:
वह्या आणतो. टायपिंग करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.