गावच्या महायुद्ध-पाटीवर आता नावे कोरावीत का?

मूळ मत
पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी आजही भिंतीत दिसते. मजकूर ठरावीक आहे: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही, आणि ती चुकून राहिली असे मला वाटत नाही. आकड्यांखालच्या मोकळ्या जागेत ती नावे आता कोरून घ्यावीत, असे माझे मत आहे.

विरोधी प्रतिसाद
नावे हवीत, पण त्या दगडावर नकोत. सरकारने माणसे नावांनी नव्हे तर संख्येने लक्षात ठेवली, याचा पुरावा ती पाटी स्वतःच आहे. तिला छिन्नी लावली की पुढच्या पिढीला वाटेल, नावे तेव्हाच कोरली होती. शिवाय त्या काळी हजारो शिपायांच्या याद्या कोण जुळवणार होते? त्यामागे हेतू शोधणे मला घाईचे वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर
याद्यांची सबब पटत नाही. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या, 1927 साली खुल्या झालेल्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. त्यानंतर दोनच वर्षांनी उभ्या राहिलेल्या, इराकमधील बसरा स्मारकावर मात्र ब्रिटिश शिपायांची नावे आणि हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या! त्याच इराकमधील युद्धात, कुत-अल-अमारा या गावाला पडलेल्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, म्हणजे हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेही 2021 च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. छिन्नीविषयीचे तुमचे म्हणणे मात्र मी स्वीकारतो. शेजारी वेगळी शिळा उभारावी आणि तिच्यावर ती उभारल्याचे वर्ष ठळक घालावे.

आणखी एक प्रतिसाद
वेगळ्या शिळेलाही माझा विरोध आहे, निदान यादी ग्रामसभेत वाचली जाईपर्यंत. ज्यांचे वंशज आज गावात वजन राखून आहेत त्यांचीच नावे आधी आठवतील. 1917 साली उभ्या केलेल्या 111 व्या महार पलटणीत गेलेल्यांची, किंवा ज्यांच्या घराण्यातले कोणीच आता गावात उरले नाही त्यांची नावे कोण सुचवणार? दुसरे असे की, जुन्या पाटीने निदान गेलेले सगळे मोजले होते. वरच्या प्रस्तावात तर परत आलेल्यांचा उल्लेखच नाही.